आवडत्या संगीतकाराचा नवा अल्बम निराश करतो तेव्हा तो कसा ऐकावा

आवडत्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचे जुने अल्बम आपल्याला इतके पाठ असतात की कोणत्या ट्रॅकमध्ये बेस केव्हा थांबतो आणि पुन्हा केव्हा येतो, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मग सहा वर्षांनी नवा अल्बम येतो, आपण दिवा मालवून आणि हेडफोन लावून तो ऐकायला बसतो, आणि सातव्या ट्रॅकपाशी लक्षात येते की आपली नजर स्क्रीनवरच्या सरकत्या रेषेवर खिळली आहे आणि अजून किती मिनिटे उरली याचा हिशेब मनात चालला आहे. गेल्या वर्षी माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. संगीतकाराचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण हा लेख त्याच्यावर नाही. त्या निराशेनंतर मी तो अल्बम कसकसा ऐकला, त्यातले काय उपयोगी पडले आणि कशात नुसता वेळ गेला, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

'अल्बम फसला' या दोन शब्दांखाली तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. ऐकण्याच्या साधनाने किंवा एखाद्या सेटिंगने घोळ घातलेला असू शकतो, आपण मनात भलताच अल्बम धरून बसलेलो असू शकतो, किंवा अल्बम खरोखरच कच्चा असू शकतो. ऐकताना तिन्हींचा कंटाळा सारखाच लागतो, त्यामुळे त्या आपोआप वेगळ्या होत नाहीत, एकेक करून वेगळ्या काढाव्या लागतात. क्रमही हाच ठेवावा, कारण पहिली शंका दहा मिनिटांत फिटते, दुसरीला काही आठवडे लागतात, आणि या दोन्ही फिटल्याशिवाय तिसरीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, असे माझे मत आहे.

आधी साधन आणि सेटिंग

गायकाचे गाणे फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकले तरी चाल आणि शब्द हाती लागतात, आणि गाण्याचा गाभा पुष्कळसा शाबूत राहतो. इलेक्ट्रॉनिक संगीताचे तसे नसते. किक ड्रमचा, म्हणजे ठेक्यातला जड ठोका देणाऱ्या ड्रमचा, जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) पट्ट्यात असतो आणि त्याखालचा बेस त्याहूनही खोल जातो, तर फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही बाहेरच पडत नाही. ज्या ट्रॅकची सगळी उभारणी बेसवर झाली आहे, तो अशा स्पीकरवर ऐकणे म्हणजे पाया आणि भिंती वगळून छप्पर पाहणे होय. हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांची, टिकटिक आणि सिंथचा (सिंथेसायझरचा) वरचा थर एवढेच कानावर येते आणि ते अर्थातच पोकळ वाटते. हेडफोन चांगले असले तरी रात्री अगदी हळू आवाजात ऐकल्यास थोडा असाच परिणाम होतो, कारण आवाज कमी झाला की खर्जातले नाद आपल्या कानाला इतर नादांपेक्षा जास्त क्षीण वाटू लागतात. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेत हे मोजून दाखवले होते. म्हणून निदान एक फेरी तरी खर्ज नीट देणाऱ्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर, मध्यम आवाजात करावी. मध्यम म्हणजे मध्यमच. आवाज वाढवून अल्बम चांगला करता येत नाही, फक्त कान लवकर थकतात.

सेटिंगची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माझी सर्वांत मोठी फजिती तिथेच झाली. माझ्या फोनमध्ये एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळण्याची सोय, म्हणजे क्रॉसफेड, सहा सेकंदांवर चालू राहिली होती. कधीतरी घरी पाहुणे आले असताना मी ती चालू केली होती आणि नंतर विसरलो होतो. या अल्बममध्ये तिसरा ट्रॅक संपल्यावर चार सेकंद पूर्ण शांतता आहे आणि चौथा ट्रॅक एका कोरड्या टिचकीने उघडतो, जणू अंधाऱ्या खोलीत कोणी दिव्याचे बटण दाबावे. सगळी गंमत त्या शांततेत आणि त्या टिचकीत आहे, आणि माझ्या फोनने दोन्ही गिळून टाकल्या होत्या. दोन दिवस मी 'चौथा ट्रॅक सुरुच कसा होतो ते कळत नाही' अशी तक्रार करत हिंडत होतो. तेव्हा क्रॉसफेड बंद करावा, ट्रॅक उलटसुलट क्रमाने लावणारे शफल बंद करावे, इक्वलायझरमध्ये बेस वाढवण्याची किंवा गाण्याचा आवाज पुढे आणण्याची एखादी तयार मांडणी निवडलेली नाही ना तेही पाहावे.

आवाजाची पातळी सारखी करणारे सेटिंग मात्र बंद करण्याची घाई करू नये. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे प्रत्येक ट्रॅक उणे १४ एलयूएफएस या पातळीच्या आसपास आणते. एलयूएफएस हे ध्वनी कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याचे एकक आहे. अल्बम सलग क्रमाने लावला तर त्यातल्या ट्रॅकमधला आपापसांतला लहानमोठेपणा कायम ठेवला जातो, पण तेच ट्रॅक एखाद्या मिश्र यादीतून ऐकले तर प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे जुळवली जाते, आणि संगीतकाराने मुद्दाम दबक्या आवाजात ठेवलेला ट्रॅक नाचाच्या ट्रॅकच्या तोडीस तोड वाजू लागतो. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्या अल्बम म्हणूनच कराव्यात. जुना आणि नवा अल्बम शेजारी ठेवून तुलना करताना मात्र हे सेटिंग चालूच हवे, कारण दोन ध्वनींपैकी किंचित मोठा असलेला ध्वनी आपल्याला विनाकारण सरस वाटतो आणि तो मोह ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही.

तारेचे हेडफोन आणि ब्लूटूथ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. एखाद्या अल्बमविषयीचे मत बदलावे एवढा तो फरक मला कधीही जाणवलेला नाही, म्हणून त्यात मी तुमचा वेळ घेत नाही.

साधनाइतकेच महत्त्व जागेला आहे. क्लबसाठी बांधलेल्या ट्रॅकच्या आरंभी १६ किंवा ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता ठेका असतो, तो डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये हा ट्रॅक मिसळता यावा म्हणून. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गतीत ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. 'पहिले मिनिटभर काहीच घडत नाही' या तक्रारीचे उत्तर कित्येकदा एवढेच असते की ते मिनिट खुर्चीवर बसलेल्या श्रोत्यासाठी नव्हतेच. असे ट्रॅक चालताना ऐकून पाहावेत. पावले ठेक्याशी जुळली की तेच मिनिट वेगळे वाटते. आणि चालूनही ते रिकामेच वाटले, तर ती नोंद पुढे कामी येते.

मनातला अल्बम

आता अवघड भाग. एक कागद घ्यावा आणि कोणाचेही परीक्षण वाचण्यापूर्वी त्यावर दोन ओळी लिहाव्यात: या अल्बमकडून मला काय हवे होते आणि मला काय मिळाले. मी लिहिले होते, 'दुसऱ्या अल्बमसारखा धुरकट, जुन्या कॅसेटवरून ऐकल्यासारखा नाद हवा होता. हा फार स्वच्छ आहे.' लिहून झाल्यावर ते मलाच खटकले. स्वच्छ असणे हा दोष कसा? मला नवा अल्बम नको होता, दुसऱ्या अल्बमची आणखी एक बाजू हवी होती, हे मला त्या दोन ओळींवरून कळले. ही इच्छा गैर नाही, पण ती माझी आहे. तिचे ओझे अल्बमच्या डोक्यावर ठेवता येत नाही.

त्यानंतर तो जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ट्रॅक न वगळता ऐकावा. मी तो ऐकला आणि ओशाळलो. त्यातले दोन ट्रॅक मी गेली कित्येक वर्षे न चुकता पुढे ढकलत आलो होतो, आणि माझ्या आठवणीतला अल्बम त्या दोघांना गाळून तयार झालेला होता. नव्या अल्बमची तुलना मी खऱ्या जुन्या अल्बमशी करतच नव्हतो. माझ्याच हाताने निवडून, पाखडून ठेवलेल्या एका आवृत्तीशी करत होतो. तशी तुलना कोणताही नवा अल्बम हरणारच.

शिवाय जुना शेकडो वेळा ऐकलेला आणि नवा दोनदा, ही गोष्ट निराळीच. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतली अक्षरे आणि माणसांचे चेहरे लोकांना दाखवून असे सिद्ध केले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेच अधिक आवडू लागते. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांना याची दोन्ही टोके लागू पडतात. एकीकडे, दोन वेळा ऐकून दिलेला निकाल पुष्कळदा केवळ अनोळखीपणाचा निकाल असतो. दुसरीकडे, वीस वेळा ऐकले तर जवळजवळ काहीही आवडू लागेल, आणि मग त्या आवडीवरून अल्बमची पारख होणार नाही. ती आपल्या चिकाटीची खूण ठरेल. 'ऐकत राहा, हळूहळू आवडेल' हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. मी तीन फेऱ्यांची मर्यादा घालतो: दोन आठवड्यांत तीनदा पूर्ण अल्बम, त्यानंतर महिनाभर तो अजिबात लावायचा नाही, आणि मग एक चौथी फेरी. मधल्या महिन्यात न लावताही जे आपोआप डोक्यात वाजत राहते, त्याची नोंद ठेवावी.

यातली दुसरी फेरी जरा वेगळ्या पद्धतीने करावी. हल्ली अल्बम येण्याच्या आधी काही महिने त्यातले तीन-चार ट्रॅक सुटे प्रसिद्ध होतात आणि चाहते ते झिजेपर्यंत ऐकतात. मग पूर्ण अल्बम आला की ते ओळखीचे ट्रॅक गावातल्या घरांसारखे दिसतात आणि बाकीचे ट्रॅक दोन घरांमधल्या माळरानासारखे. माझ्या अल्बममध्ये अकरापैकी तीन ट्रॅक असे आधी आलेले होते. दुसऱ्या फेरीत मी ते तिन्ही वगळले आणि उरलेले आठ त्यांच्याच क्रमाने ऐकले, तेव्हा पाचवा आणि आठवा ट्रॅक एकाच सुरावटीच्या दोन बाजू आहेत हे पहिल्यांदा कानात भरले. सगळे मिळून ऐकताना ते कधीच कळले नसते.

अपेक्षेचे ओझे किती जड असू शकते याचे मोठे उदाहरण क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक चमूचे आहे. त्यांचा 'कॉम्प्युटर वर्ल्ड' १९८१ मध्ये आला आणि त्यानंतरचा 'इलेक्ट्रिक कॅफे' थेट १९८६ मध्ये, तोही जेमतेम ३५ मिनिटांचा. मधल्या पाच वर्षांत जग स्वस्थ बसले नव्हते: १९८२ मध्ये आफ्रिका बम्बाटा या अमेरिकी हिप-हॉप कलाकाराच्या 'प्लॅनेट रॉक'ने क्राफ्टवर्कचीच एक सुरावट आणि त्यांच्याच एका ठेक्याचा साचा घेऊन लोकांना नाचायला लावले होते, १९८३ मध्ये मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडण्याची पद्धत, आली होती, त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स७ सिंथचे नाद जिकडेतिकडे ऐकू येत होते. जे नेहमी पुढे चालत आले, त्यांनी या वेळीही पुढेच असावे अशी अपेक्षा होती, आणि लोकांना ते बरोबरीने चालताना दिसले. आज, त्या पाच वर्षांचा तगादा मनात न ठेवता ऐकला, तर 'इलेक्ट्रिक कॅफे' मला काटेकोर आणि बारीक विनोदाचा अल्बम वाटतो. 'कॉम्प्युटर वर्ल्ड'च्या पंक्तीला तो बसतो असे मात्र मी म्हणणार नाही.

चुकीचा वाटणारा नाद पचायलाही वेळ लागतो, आणि या संगीताच्या इतिहासात त्याचे दाखले यंत्रांपासूनच सुरू होतात. रोलंड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटार वाजवणाऱ्याच्या जागी वापरता यावे म्हणून आणले. त्या कामात ते इतके कमी पडले की १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि जुनी यंत्रे स्वस्तात फिरू लागली. शिकागोच्या फ्यूचर या चमूने त्याच यंत्राच्या कळा हव्या तशा पिरगाळून १९८७ मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' काढला आणि तो चिरकणारा, ओला नाद एका संपूर्ण शैलीची ओळख झाला. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी तर तेच यंत्र टीआर-८०८ या ठेका देणाऱ्या यंत्राच्या जोडीने १९८२ मध्येच रागांसाठी वापरले होते, आणि त्या अल्बमकडे लोकांचे लक्ष जायला २०१० मधले पुनर्प्रकाशन उजाडावे लागले. नव्या अल्बममधला एखादा नाद कानाला टोचत असेल, तर तो नाद वाईट आहे की आपण त्याला अजून जागा करून दिलेली नाही, हे पहिल्या आठवड्यात ठरवू नये.

दोषाचा पत्ता

एवढे झाल्यावरही निराशा टिकून असेल, तर तिला नाव आणि पत्ता द्यावा. 'कंटाळवाणा', 'आत्मा हरवलेला', 'पूर्वीसारखा नाही' या शब्दांनी काहीच कळत नाही; दोष कितव्या मिनिटाला आहे ते सांगता आले पाहिजे. पद्धत साधी आहे. तिसऱ्या फेरीत हातात पेन्सिल ठेवावी आणि लक्ष जिथे जिथे उडेल, तिथली वेळ लिहावी. कारण शोधू नये, नुसती वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक ठिकाणाच्या अर्धा मिनिट आधीपासून ऐकावे, कारण लक्ष उडते एका ठिकाणी आणि त्याचे कारण बहुधा त्याच्या जरा अलीकडे असते.

माझ्या कागदावर चौथ्या ट्रॅकपुढे २:४२ असे लिहिलेले होते, हाच तो टिचकीने उघडणारा ट्रॅक. २:१० ला त्यात किक आणि बेस दोन्ही निघून जातात, मागे एक पसरट सिंथ उरतो, आणि पुढचे १६ बार, म्हणजे त्या गतीत ३२ सेकंद, वाऱ्यासारखा एक आवाज चढत जातो. हा चढता आवाज म्हणजे या संगीतातली तिहाई समजा. सम कुठे पडणार आहे हे तो आधीच सांगून ठेवतो आणि कान तिथे जाऊन वाट पाहत उभा राहतो. २:४२ ला सम येते, किक परत येते, आणि सगळे अक्षरशः पूर्वीसारखेच सुरू होते: तोच हाय-हॅट, तोच बेस, तेच चार स्वर. गेलेली गोष्ट काहीही घेऊन आली नाही. त्याच संगीतकाराच्या जुन्या अल्बममध्ये अशाच एका जागी किक समेवर परत येते, पण बेस अर्धी मात्रा उशिरा येतो आणि चारपैकी एक स्वर गाळून येतो, त्यामुळे पुढचे मिनिटभर आपण तो गाळलेला स्वर मनात भरत राहतो. हा फरक सापडला तेव्हा माझ्या निराशेला पहिल्यांदा नेमके रूप आले. अंदाज बरोबर निघाला, यात दोष नव्हता. अंदाज बरोबर निघाल्याचे काही बक्षीस मिळाले नाही, हा दोष होता.

पुनरावृत्तीवर दोष ठेवताना विशेष सावध राहावे, कारण हे संगीत पुनरावृत्तीवरच उभे आहे. पाहायचे ते एवढेच की पुन्हा पुन्हा येणाऱ्या लूपमध्ये काही सरकते आहे का: फिल्टर (ध्वनीचा काही भाग अडवणारी चाळण) किंचित उघडतो का, प्रतिध्वनी लांबतो का, हाय-हॅट ठेक्याच्या केसभर मागे पडतो का. एखाद्या ट्रॅकचे पहिल्या मिनिटापासूनचे दहा सेकंद ऐकावेत, मग तिसऱ्या मिनिटापासूनचे दहा ऐकावेत. दोन्ही अगदी एकच असतील तर लगेच शिक्कामोर्तब न करता तो ट्रॅक अखंड ऐकावा, कारण काही ट्रॅकमध्ये ध्वनी तसाच राहतो आणि ऐकणारा बदलतो. पण ध्वनीही बदलला नाही आणि आपणही बदललो नाही, तर तो लूप निव्वळ चालू ठेवलेला आहे असे म्हणायला हरकत नाही.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा 'ह्यूमन आफ्टर ऑल' हा अल्बम या बाबतीत चांगली परीक्षा घेतो. २००५ मध्ये आलेला हा अल्बम सुमारे सहा आठवड्यांत तयार झाला होता आणि त्यातल्या रुक्ष, हट्टी पुनरावृत्तीने त्यांच्या आधीच्या 'डिस्कव्हरी'वर जीव टाकणारे अनेक चाहते हिरमुसले. मग २००६ आणि २००७ मधल्या कार्यक्रमांत त्यांनी तेच ट्रॅक जुन्या ट्रॅकमध्ये गुंफून वाजवले आणि ते एकदम जिवंत झाले. त्या दौऱ्याच्या 'अलाइव्ह २००७' या ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमीही मिळाले. यावरून 'अल्बम मुळात चांगलाच होता, लोकांना कळला नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. त्या कार्यक्रमांनी दाखवले ते असे की बियाणे चांगले होते. अल्बममध्ये ते उगवले नव्हते, ही तक्रार तशीच उभी राहते. आवडत्या संगीतकाराचा फसलेला ट्रॅक पुढे मैफलीत किंवा रिमिक्समध्ये खुलला, तर आनंद जरूर मानावा, पण जुने मत खोडण्याची गरज नसते.

मास्टरिंगचा, म्हणजे प्रकाशनापूर्वी ध्वनीवर केलेल्या शेवटच्या संस्काराचा, दोष ओळखण्याची खूण कानापेक्षा डोक्यात जाणवते. एकही ट्रॅक नावडता नसताना अर्ध्या तासाने डोके जड होत असेल, तर सगळे ध्वनी दाबून एकाच उंचीवर आणलेले असण्याचा संभव असतो. शांत भाग आणि त्यानंतर कोसळणारा ड्रॉप (ठेका आणि बेस जोरात परत येण्याचा क्षण) यांच्या आवाजात फरक उरला आहे का, ते पाहावे. साइडचेनचेही तसेच: किकचा प्रत्येक ठोका पडताच बाकीचे ध्वनी खाली दबतात आणि पुन्हा वर येतात, त्यामुळे ट्रॅक श्वास घेतो आहे असे वाटते. एखाद्या ट्रॅकमध्ये हे सुंदर असते. अकराच्या अकरा ट्रॅक एकाच दमात श्वास घेऊ लागले की ती लकब होते.

पाहुण्या गायकांबद्दल लोक फार चिडतात. मी एकच प्रश्न विचारतो: आवाज बाजूला केला तर खाली या संगीतकाराची सही उरते का? वाद्यांची सुटी आवृत्ती प्रसिद्ध झालेली असेल तर उत्तर पाच मिनिटांत मिळते.

राहता राहिली लांबी, आणि पुष्कळ अल्बम फसतात ते इथेच. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे मावत, सीडीवर ७४, आणि आता तर कसलीच सीमा नाही. त्यामुळे काय गाळायचे हा निर्णय पूर्वी वस्तू घेत असे, तो आता माणसाला घ्यावा लागतो आणि माणसाला तो जड जातो. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराचा २००१ मधला 'ड्रक्स' घ्या. दोन सीडी, तीस ट्रॅक. पिसाटलेल्या ड्रमच्या लांब रचना आणि संगणकाने वाजवलेल्या पियानोचे छोटे तुकडे शेजारी शेजारी. तो आला तेव्हा विस्कळीत म्हणून त्याला नावे ठेवली गेली, आणि त्यातलाच दोन मिनिटांचा 'अव्रिल फोर्टीन्थ' पुढे एफेक्स ट्विनच्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक झाला. लांब अल्बमने निराश केले असेल तर त्यातला सर्वांत छोटा ट्रॅक वेगळा काढून ऐकावा, ही माझी सवय तिथून लागली.

लांबीचा संशय तपासण्याचा खरा उपाय म्हणजे कात्री स्वतःच्या हाती घेणे. मी त्या ६८ मिनिटांच्या अल्बममधले चार ट्रॅक काढले, उरलेल्या सातांची ४१ मिनिटांची यादी केली, आठव्या ट्रॅकला पाचव्याच्या मागोमाग आणून बसवले आणि ती यादीच अल्बम आहे असे समजून ऐकली. अशी यादी चांगली लागली तर दोष रचनेचा नाही, संपादनाचा आहे. तीही रटाळ लागली तर दोष खोल आहे आणि कात्रीने जाणारा नाही. माझी यादी बऱ्यापैकी जमली. त्यामुळे 'अल्बम फसला' हे माझे मूळ वाक्य 'अल्बम चार ट्रॅकने जास्त आहे आणि ताण निर्माण करून त्याचे पुढे काय करावे हे त्याला निदान दोन ठिकाणी सुचलेले नाही' असे झाले. हे वाक्य लांबलचक आहे, पण ते घेऊन दुसऱ्या चाहत्याशी वाद घालता येतो, आणि पहिले वाक्य घेऊन फक्त भांडता येते.

एवढे करूनही अल्बम कच्चाच निघाला तर

तर तो कच्चा आहे असे म्हणावे. चाहता असण्याने प्रत्येक अल्बमची वकिली करण्याचे बंधन येत नाही. परीक्षणे आता वाचायला हरकत नाही; स्वतःच्या दोन ओळी आधी लिहिलेल्या असल्याने ती आता आपले मत ठरवत नाहीत, फार तर एखादी हुकलेली जागा दाखवतात. मात्र ट्रॅकच्या दोषावरून माणसाच्या मनात शिरू नये. 'आता तो पैशासाठी करतो', 'तो संपला' ही वाक्ये अल्बममधून ऐकू येत नसतात. आपण ती रागाच्या भरात जोडतो. २:४२ ला बेस जसाच्या तसा परत आला, एवढे आपल्याला ठाऊक असते. का आला, हे ठाऊक नसते.

निराशेच्या काळात त्या संगीतकाराचे अल्बमबाहेरचे काम धुंडाळावे, कारण या क्षेत्रात उत्तम काम पुष्कळदा रिमिक्समध्ये, छोट्या ईपीमध्ये (अल्बमपेक्षा कमी ट्रॅकच्या प्रकाशनात) किंवा एखाद्या रात्रीच्या डीजे सेटमध्ये पडलेले असते. बरियल या ब्रिटिश संगीतकाराने २००७ मधल्या 'अनट्रू' या अल्बमनंतर मुख्यतः छोटे ईपीच काढले, आणि पुढच्या अल्बमची वाट पाहत बसलेल्या लोकांनी त्यातले कितीतरी ऐकायचे राहू दिले. माझ्या संगीतकाराने याच काळात दुसऱ्या कोणासाठी केलेला एक रिमिक्स मला असाच सापडला, आणि अल्बममध्ये मला हवा असलेला तो धुरकट नाद त्यात होता. म्हणजे संगीतकार तो नाद विसरलेला नव्हता, अल्बममध्ये त्याला तो नको होता.

शेवटी, अल्बम संग्रहातून काढून टाकू नये. सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी तो मूळ क्रमाने पुन्हा ऐकावा. माझी तारीख गेल्या महिन्यात येऊन गेली. क्रॉसफेड बंद होता, तिसऱ्या ट्रॅकनंतरची शांतता आणि ती टिचकी जागच्या जागी होती, आणि २:४२ ला चौथा ट्रॅक पूर्वीइतकाच सपाट पडला. नववा ट्रॅक, जो मी यादीतून पहिल्याच झटक्यात काढला होता, तो मात्र मी शेवटपर्यंत न हलता ऐकला. त्याच रात्री तो यादीत परत घेतला आणि त्याच्यासाठी सहावा काढला. यादी आता ४३ मिनिटांची झाली आहे.